कढीपत्त्याला ताक

“पोरीनं हात लावला असणार. त्या दिवसांत.”

हे माझ्या खिडकीखाली बोललं गेलं, आणि खिडकीत मी बसले आहे हे बोलणाऱ्या बाईंना दिसत होतं. माझ्या कानांवर हेडफोन होते. हेडफोन घातलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत आहे. मी ती कधी दुरुस्त केलेली नाही. हेडफोनमधून बहुतेक वेळा काहीच वाजत नसतं.

बोलल्या त्या शेजारच्या मामी. नात्यानं त्या आमच्या कुणी नाहीत. पण आमच्या गल्लीत शेजारच्या मोठ्या बाईला मामीच म्हणायचं. त्या तमिळमध्ये बोलल्या (मराठी आमच्या घरापुरती), माझ्या आईशी, आणि दोघी आमच्या परसातल्या कढीपत्त्याच्या झाडापाशी उभ्या होत्या, आजाऱ्याच्या खाटेपाशी उभं राहावं तशा. झाडाची दशा खरोखरच वाईट होती. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, मधला भाग पिवळा, आणि फांदीला नुसता धक्का लागला तरी मूठभर पानं खाली. कुणीतरी काहीतरी केलेलं आहे याबद्दल दोघींचं एकमत होतं. कुणी केलं, याबद्दल मामींचं मत वर आलंच आहे.

आई “छे हो” म्हणेल म्हणून मी थांबले.

आई म्हणाली, “मलाही तसंच वाटतंय.”

मी कीबोर्डवर बोटं हलवत राहिले. मी घरून काम करते. चेन्नईतल्या एका कंपनीसाठी शाळेच्या मुलांचे ऑनलाइन धडे तपासते. दिवसभर अनोळखी लोकांच्या चुका शोधून त्यांना कळवायच्या, आणि स्वतःच्या खिडकीखाली कुणी काही बोललं तर बोटं हलवत राहायचं, असं ते काम आहे.

आमचं घर पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब आहे. पुढे कडुनिंब. मागे दोन नारळ, एक शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळींची रांग, आणि माझ्या खिडकीला लागून हा कढीपत्ता. कढीपत्ता म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर कुंडीतलं रोप येत असेल तर ते बाजूला ठेवावं. हे झाड आहे. त्याचा शेंडा गच्चीच्या कठड्याला लागतो. त्याच्या मुळांतून दरवर्षी नवे फुटवे निघतात, कधी बुंध्याशी, कधी लांब कपडे धुण्याच्या दगडापाशी, जागा मिळेल तिथे.

घरात झाडांचं कौतुक नाही असं मी म्हणणार नाही. कौतुक पुष्कळ आहे, पण ते सगळं पोटाच्या वाटेनं येतं. कडुनिंब फुलला की आमची आत्या त्याच्याखाली जुनी साडी पसरते आणि पडलेली फुलं वाळवून रसमसाठी डब्यात भरते. त्या पंधरा दिवसांत ती एकदाही मान वर करून झाडाकडे बघत नाही. शेवग्याचा पाला अंगात रक्त कमी असलेल्या प्रत्येक बाईसाठी आहे, आणि आमच्या गल्लीत सगळ्याच बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. केळीचं पान जेवायला, नारळाची झावळी पंदलला, म्हणजे मांडवाला, आंब्याचं झाड आपल्याकडे नाही याची हळहळ प्रत्येक सणाला. झाड दिसतं कसं, हे मी या घरात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

माझ्याही नाही. कढीपत्त्याला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, मग हिरवी, लाल आणि शेवटी काळी फळं, आणि ती काळी झाली की बुलबुलांची जोडी दिवसातून सहा वेळा येते. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक सुरवंट असतो. तो मोठा होता होता हिरवागार होतो आणि एके दिवशी त्याच्या जागी नुसतं रिकामं कवच असतं. दुपारी तीननंतर माझ्या भिंतीवर झाडाची सावली येते आणि पंखा एक नंबर कमी करता येतो. शिवाय मागच्या बोळातून येणाऱ्याजाणाऱ्यांना मी दिसत नाही, मला ते दिसतात. माझ्यासारखीला याहून चांगलं झाड मिळणार नाही. हे सगळं मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, “बघत बसण्यापेक्षा चार काड्या तोडून आण.”

झाड आत्याचं आहे. ती अप्पांची थोरली बहीण. पापनाशमच्या शाळेत ती तीस-पस्तीस वर्षं विज्ञान शिकवत होती, आणि निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या तिथल्या घरामागच्या झाडाचा एक फुटवा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, मांडीवर धरून, बसनं घेऊन आली. मी तेव्हा चौथीत होते. तिच्या सामानात त्या डब्याला जेवढी काळजीची जागा मिळाली तेवढी दुसऱ्या कशाला मिळाली नाही. लग्न तिनं केलं नाही, आणि त्या झाडाशी ती बोलते, हे मला माहीत आहे, कारण ती माझ्या खिडकीखाली बोलते.

अजूनही गल्लीतली मुलं तिच्याकडे शिकायला येतात. मागच्या पायरीवर ती त्यांना बटाट्याचा प्रयोग दाखवते: बटाटा मधून पोखरायचा, आत मीठ भरायचं, पाण्यात ठेवायचा. मीही तो त्याच पायरीवर पाहिला आहे. ती दरवेळी त्याच सुरात म्हणते, “मीठ पाणी ओढतं. बघा, ओढतं.”

तर ह्या विज्ञानाच्या बाईंचा कढीपत्त्याबद्दलचा नियम असा: बाई दूर असताना तिनं झाडाला शिवायचं नाही. दूर म्हणजे महिन्याचे ते तीन दिवस. शिवलं तर झाड सुकतं. घरात एकेकाळी या तीन दिवसांचे खूप नियम होते म्हणे. स्वयंपाकघराचा नियम अप्पांना डबा वेळेवर हवा असल्यामुळे गेला. अंथरुणाचा नियम जागा कमी असल्यामुळे गेला. देवघराचा राहिला आणि कढीपत्त्याचा राहिला.

दुसरा नियम देवाणघेवाणीचा. मागचं फाटक दिवसभर उघडं असतं आणि गल्लीतल्या बायका येऊन पानं नेतात. विचारत नाहीत, विचारू नये असं आत्याच म्हणते. पण जी नेईल तिनं कधीतरी येऊन बुंध्याशी आंबट ताक ओतायचं. ताक कढीपत्त्याला मानवतं, पानं काळीभोर होतात. आत्याच्या लहानपणी घरोघरी लोणी निघायचं, आणि ताकाची भांडी विसळलेलं पाणी झाडाला जायचं. आता आमच्या गल्लीत लोणी कुणाच्याच घरी निघत नाही, पण रीत आहे. तोंडानं कुणी आभार मानत नाही. ताक ओततात आणि जातात.

या वर्षी तमिळ नवीन वर्षाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ताकाचा पंदल उभा राहिला. उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकट नीरमोर, म्हणजे पातळ ताक, पाजायचं. झावळ्यांचं छप्पर, एक टेबल, एक मोठा निळा ड्रम, आणि ड्रममागे मामी. झावळ्या आमच्या. ताकात घालायचा कढीपत्ताही आमचाच, रोज सकाळी टोपलीभर. आणि पानं घेतली तर परत काही द्यायला नको का? म्हणून रोज संध्याकाळी, ड्रममध्ये जे उरेल ते दोन माणसांनी ड्रमसकट धरून आणायचं आणि आमच्या झाडाच्या बुंध्याशी उपडं करायचं. “झाडाचं झाडाला,” असं मामी म्हणायच्या. त्या खुशीत असत. आत्याही खुशीत असे. इतकं ताक एखाद्या झाडाच्या नशिबी आलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. मी पंधरा वर्षांची असताना एकदा घरी पाहुणे आले होते, अप्पांच्या ऑफिसातले, चौघे पुरुष. आईनं आतून हाक मारली, “अग, जरा कढीपत्ता आण.” मी दूर होते. नियमाप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, “मी नाही आणू शकत.” मग आई म्हणाली असती, “का?” मग तिला आठवलं असतं आणि ती म्हणाली असती, “अय्यो, हो ना,” आणि चौघांना कळलं असतं. बैठकीच्या खोलीतून मागे जायला सहा पावलं लागतात. त्या सहा पावलांत मी ठरवलं की झाड सुकलं तर सुकू दे, मी तोंड उघडणार नाही. दोन काड्या तोडल्या, आणून दिल्या. आठवडाभर रोज शाळेतून आल्यावर आधी झाड बघायचे. त्याला नवी पालवी आली.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा तोडली. त्यात बंडखोरी वगैरे काही नव्हती. “आज मी नाही” असं भर घरात म्हणण्यापेक्षा तोडणं सोपं होतं, एवढंच. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटायला लागली. नऊ वर्षं. झाड खिडकीच्या गजांपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलं ते याच नऊ वर्षांत.

म्हणून मामींचं ते वाक्य ऐकून मला राग आला तो खोट्या आरोपाचा नव्हता. शिवले होते मी. शंभराहून जास्त वेळा शिवले होते. राग याचा आला की मी दोषी होते आणि त्याचा झाडाशी काडीचा संबंध नव्हता.

चौकशी सुरू झाली. आमच्या घरातली चौकशी म्हणजे सरळ प्रश्न कुणी विचारत नाही. आई माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या ठेवायला आली, ठेवल्या, आणि दाराशी थांबून म्हणाली, “गेल्या महिन्यात तुझं काय, पंचमीच्या आसपास होतं ना?”

“का?”

“सहज.”

मग जेवताना आत्या, ताटाकडे बघत: “कधीकधी माणूस विसरतं. मुद्दाम कुणी करत नाही. बोलून टाकलं की झाडालासुद्धा बरं वाटतं.”

अप्पांनी पापड मोडला आणि पावसाचा विषय काढला. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या, म्हणजे ऐन होरपळीच्या दिवसांत पावसाचा विषय. त्यांनाही सगळं कळलेलं होतं. सगळ्यांनाच कळलेलं होतं. मी मान खाली घालून रसम प्यायले, आणि त्या मान खाली घालण्याचा अर्थ दोघींनी त्यांच्या परीनं लावला.

दोष ठरला की उपाय ठरतो. उपाय काय, तर ताक. नुसतं उरलेलं नाही. आता झाडाचा राग घालवायचा होता. अठ्ठेचाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, ड्रममधून आधी झाडासाठी एक बादली काढून ठेवायची आणि मग वाटायला सुरुवात करायची. मामींनी ते अंगावर घेतलं. संध्याकाळी बादली आणताना त्या माझ्या खिडकीकडे मुद्दाम बघत नसत. ते न बघणं मला बघण्यापेक्षा जास्त टोचायचं. झाड रोज थोडं थोडं उघडं पडत गेलं. बुलबुल दोनदा येऊन गेले, मग आले नाहीत. माझ्या भिंतीवर सावलीऐवजी फांद्यांच्या रेघा पडू लागल्या, दुपारी खोली तव्यासारखी तापू लागली, आणि मागच्या बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला मी दिसू लागले. ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं ते हात हलवू लागले.

एका संध्याकाळी मामींनी खिडकीच्या गजांतून मला पेला दिला. तेवढा जिव्हाळा त्यांच्यात आहे. दोषी असले तरी ऊन मलाही लागत होतं. “पी, कण्णा,” त्या लाडानं म्हणाल्या. “घसा कोरडा पडला असेल.” मी घोट घेतला. थंडगार, पातळ, आलं, हिरवी मिरची, हिंग, आमचाच कढीपत्ता. आणि मीठ. घामाघूम होऊन येणाऱ्या लोकांसाठी केलेलं, चांगलं सढळ हातानं घातलेलं मीठ.

मामी बुंध्याशी बादली ओतत होत्या. पेला माझ्या हातात तसाच राहिला. ओलं झालेलं आळं मला खिडकीतून दिसत होतं, आणि त्याच्या कडेला, जिथे कालचं ताक वाळलं होतं, तिथे पांढरी खपली धरलेली होती. ती मी किती दिवस बघत होते. मला वाटलं होतं ताकच वाळलंय. त्या गेल्यावर मी परसात गेले, खपली बोटानं उचलली आणि जिभेला लावली. मग कपडे धुण्याच्या दगडाकडे गेले. तिथे, बुंध्यापासून आठ-दहा पावलांवर, याच झाडाच्या मुळातून निघालेला एक फुटवा होता, टवटवीत हिरवा. त्याच्यापर्यंत बादली कधी पोचली नव्हती.

आता हे सांगणं किती सोपं असायला हवं होतं. मी आईला गाठलं, ती एकटी असताना.

“आई, त्या ताकात मीठ आहे.”

“असणारच. बिनमिठाचं कोण पितं?”

“मिठानं झाड मरतंय.”

आई माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून विसरता येत नाही. कीव. “हे बघ,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुला कुणी रागावलेलं नाही. पण आपली चूक त्या मामींच्या पुण्याच्या कामावर ढकलू नकोस. त्या उन्हात उभ्या राहून लोकांना पाजतात.”

मी चूक ढकलत होते! मी गप्प बसले होते तेव्हा दोषी होते, आणि बोलले तर सबब सांगणारी दोषी झाले. आत्याला सांगून पाहिलं. तिनं चष्म्यावरून बघितलं. “ताक कढीपत्त्याला मानवतं. मी तुझ्या वयाची नव्हते तेव्हापासून घालते आहे.”

“ते बिनमिठाचं होतं, आत्या.”

“झाड माझं आहे, बाई,” ती म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली. जिनं आयुष्यभर बटाट्यात मीठ भरून पोरांना दाखवलं तिच्यापुढे मी आणखी काय बोलणार? मला तिचा इतका संताप आला आणि इतकं वाईट वाटलं की मी दोन्ही घेऊन खोलीत गेले आणि हेडफोन घातले.

मग मला जमतं ते मी केलं, म्हणजे गुपचूप. दुपारी एक ते दोन सगळी गल्ली झोपलेली असते. त्या वेळात मी नळाला नळी लावून झाडाच्या आळ्यात पाणी सोडायचे, मीठ खाली धुऊन जावं म्हणून. एकदा आळ्याची कड फोडून सगळं पाणी केळींकडे जाऊ दिलं, आणि मग केळींचं काय होईल म्हणून रात्रभर तळमळले. पण रोज संध्याकाळी बादली यायचीच. मी एका हातानं धुवायचे आणि सगळी गल्ली मिळून मीठ घालायची.

आठवड्याभरानं शेंड्याकडच्या फांद्या काळ्या पडल्या, आणि आत्यानं हात टेकले. मेलेला कढीपत्ता घरात ठेवू नये म्हणे. नारळ उतरवायला येतो तो माणूस रविवारी येणार होता. त्यालाच पहार घेऊन यायला सांगितलं. अप्पा तिरुवैयारूला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, तिथून येताना वाटेवरच्या रोपवाटिकेतून नवं रोप घेऊन आले, काळ्या पिशवीतलं, वीतभर. ते स्वयंपाकघराच्या बाजूला लावायचं ठरलं, माझ्या खिडकीपासून लांब. त्याला जाळी घालायची ठरलं. आणि जेवताना आत्या, पुन्हा ताटाकडे बघत, म्हणाली, “हिनं त्याच्याजवळ जायचंच नाही. महिन्याचे तीसही दिवस. म्हणजे प्रश्नच नको.”

अप्पांनी पापड मोडला.

मला झोप आली नाही असं मी म्हणणार नाही, मी झोपले. पण शनिवारी दिवसभर मी एकही चूक पकडली नाही, कंपनीनं दोन धडे परत पाठवले. मला एवढं स्पष्ट दिसत होतं: मिठाचं म्हणणं कुणी ऐकणार नव्हतं, कारण प्रत्येकीकडे आधीच एक कारण होतं, आणि ते कारण मी होते. ते मोडल्याशिवाय दुसऱ्याला जागा नव्हती. आणि ते मोडायला एकच रस्ता होता. मी नऊ वर्षांपूर्वी चार पाहुण्यांसमोर जे बोलायचं टाळलं होतं त्याच्या दसपट बोलणं.

रविवारी सकाळी साडेसातला माणूस आला. त्यानं पहार भिंतीला टेकवली, लुंगी वर खोचली आणि झाडाच्या बुंध्यावर नखानं ओरखडा काढला. सालीखाली हिरवं होतं. मी खिडकीतून पाहिलं, त्यानंही पाहिलं.

“अक्का, ह्यात जीव आहे अजून,” तो आत्याला म्हणाला.

“जीव असून काय करायचं,” आत्या म्हणाली. “त्याला राहायचं नाहीये इथे.”

मामी आल्या, हातात भरलेलं सोंबू, म्हणजे पितळी तांब्या. शेवटचं ताक. रविवार असल्यामुळे त्यांच्याबरोबर समोरच्या घरातल्या दोघीही आल्या होत्या, झाड काढताना बघायला. अप्पा पेपर घेऊन मागच्या दारात उभे होते. आईनं माझ्या खिडकीच्या गजांवर टकटक केलं आणि कानांकडे बोट दाखवून हेडफोन काढायची खूण केली.

“बाहेर ये. आत्या बोलावते आहे.”

मी गेले. पायरीवर थांबले. बटाट्याची पायरी.

आत्याचे डोळे सुजलेले होते. ती चांगल्या शब्दांत बोलली, हे मला सांगायला हवं; तिला माझं वाईट करायचं नव्हतं. ती म्हणाली, “पहार लागायच्या आधी त्याची माफी माग, कण्णा. तिथूनच, लांबून. हात जोड आणि मनातल्या मनात म्हण. मोठ्यानं नको.”

समोरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. माणूस जमिनीकडे बघू लागला. अप्पांनी पेपर वर धरला. मामींनी सोंबू वाकडं केलं, धार पडणार एवढ्यात मी पायरी उतरले. परसात माती अजून गार होती. मी सरळ झाडापर्यंत गेले, बुंध्यावर तळहात ठेवला, आणि आई “अय्यो” म्हणाली. माझा आवाज फाटला, पहिला शब्द दोनदा म्हणावा लागला. मी तमिळमध्ये बोलले, सगळ्यांना एकदमच कळावं म्हणून.

“माफी... माफी नाही मागणार. पंधरा वर्षांची होते तेव्हापासून मी दर महिन्याला, त्या तीन दिवसांतसुद्धा, ह्याच झाडाची पानं तोडते आहे. नऊ वर्षं. आई, ती तू फोडणीत घातलीस. अप्पा, ती तुमच्या डब्यात गेली. मामी, ती तुमच्या ड्रममधून सगळ्या गल्लीनं प्यायली. झाड वाढतच होतं. आजसुद्धा माझा दुसरा दिवस आहे, आणि हा बघा माझा हात. मामी, ते ताक ओतू नका, एक घोट स्वतः घेऊन बघा किती खारट आहे. आत्या, तुझा बटाटा आठव. मीठ काय ओढतं ते तूच सांग ह्या सगळ्यांना. आणि अण्णा, तुम्ही ती पहार बाजूला ठेवा आणि नळाला नळी लावा.”